३ फ्रेम कमी

जुन्या टेपा डिजिटल करून देणं हे माझं काम. येतात त्यात बहुतेक लग्नं आणि वाढदिवस. गेल्या महिन्यात एका गृहस्थांनी १४ मिनी-डीव्ही टेपांचा (हँडी कॅमेऱ्यातल्या छोट्या डिजिटल व्हिडिओ कॅसेट) खोका टेबलावर ठेवला आणि "स्केटबोर्डिंगच्या आहेत" म्हणाले, तेव्हा मी हातातलं सगळं बाजूला सारलं. शाळेत असल्यापासून मी या व्हिडिओंची वेडी आहे. फिशआय या अतिरुंद लेन्समुळे काळे पडलेले कोपरे, चाकांची खरखर, ट्रिक बसली की कॅमेऱ्यामागून येणारी आरोळी, यातलं काहीही मला अजून ओढून नेतं.

"बाकी नुसतं पडणंच आहे," ते म्हणाले. "९ नंबरच्या टेपवरची एकच ट्रिक हवी. १२ पायऱ्यांवरून किकफ्लिप, म्हणजे उडी मारून बोर्ड पायाखाली गर्रकन फिरवायचा. मित्राची आहे, शूट मी केली होती."

मी चौदाच्या चौदा टेपा पूर्ण कॅप्चर केल्या. एकच तुकडा मागणाऱ्या लोकांचं मी कधीच ऐकत नाही. फोटोग्राफर जे. ग्रँट ब्रिटनचा १९८७चा तो फोटो ज्यांनी पाहिलाय त्यांना कारण कळेल. स्केटर टॉड स्वँक बोर्डवर एक पाय ठेवून दुसऱ्या पायानं नुसता रेटा देत चाललाय, ट्रिक कुठेच नाही, आणि तरी 'ट्रान्सवर्ल्ड' या स्केटबोर्डिंगच्या मासिकानं तो मुखपृष्ठावर घेतला. दोन ट्रिकांच्या मधलं चालणं, वैतागून बोर्ड आपटणं, पायरीवर बसून बूट बांधणं, टेपेवरचा जीव मला तरी तिथे दिसतो.

कॅमेरा सोनीचा व्हीएक्स१०००, १९९५चं मॉडेल. त्याला बाजूला उघडणारा स्क्रीनच नाही. वरच्या दांड्याला धरून तो जमिनीलगत न्यायचा, स्वतःही बोर्डवर बसून नाहीतर उभं राहून सोबत पळायचं आणि चौकटीत काय येतंय ते मनगटाच्या अंदाजानं ठरवायचं. या गृहस्थांचं मनगट फार चांगलं होतं. ९ नंबरच्या टेपेवर ४६ प्रयत्न आहेत आणि एकाही वेळी बोर्ड चौकटीबाहेर गेलेला नाही.

पंचेचाळीस पडणी काचेसारखी स्वच्छ. सेहेचाळिसाव्या प्रयत्नाला तो पायऱ्यांच्या कडेवरून उठतो, बोर्ड पायाखाली फिरतो, आणि चित्राचे ठोकळे होतात.

आधी डेकवर, म्हणजे टेप वाजवणाऱ्या यंत्रावर संशय घेतला. टेप वाचणारं हेड साफ केलं, टेप शेवटपर्यंत पुढे नेऊन परत मागे फिरवली, दुसऱ्या डेकमध्ये घातली. ठोकळे त्याच जागी. मग लक्षात आलं. ट्रिक बसली की सगळे कॅमेऱ्याभोवती गोळा होतात. रिवाइंड, प्ले, परत रिवाइंड. आणि नेमक्या उतरण्यावर पॉज! पॉजमध्ये टेप थांबते, पण हेडचा ड्रम मिनिटाला ९,००० फेऱ्या मारत राहतो, म्हणजे सेकंदाला १५० वेळा तो त्याच जागेवर घासतो. जे त्यांना पुन्हा पुन्हा बघावंसं वाटलं तेवढंच झिजलं. पडण्याकडे कुणी परत पाहिलं नाही, म्हणून ते शाबूत.

डीव्हीत एक सोय आहे. डेकला एखादा ठोकळा वाचता आला नाही तर तो तिथे आधीच्या फ्रेममधला चिकटवतो आणि तशी खूण डेटात राहते. प्रत्येक वेळी टेप थोडी वेगळी वाचली जाते. तेव्हा तोच तुकडा अनेकदा कॅप्चर करायचा आणि प्रत्येक फेरीतले खूण नसलेले ठोकळे उचलून एक फ्रेम जुळवायची. मी दोन डेकवर मिळून २२ फेऱ्या केल्या. शेवटी ३ फ्रेम काही जुळल्या नाहीत. २५ फ्रेमच्या हिशेबानं सेकंदाचा जेमतेम आठवा भाग. चाकं जमिनीला टेकतात तो.

आवाज मात्र वाचला होता. डीव्हीत आवाजाची जागा ट्रॅकवर वेगळी असते. हेडफोन लावून ऐकलं: चाकं फिरताहेत, 'टक', मग हवेत असतानाची पोकळी, मग एकच भरीव ठोका आणि लगेच पुन्हा खरखर. चारही चाकं एकदम टेकली की असाच एक ठोका येतो, तिरकं उतरलं की दोन येतात. शिवाय तो हवेत असताना एक फ्रेम पांढरी पडते. बाजूला कुणीतरी फ्लॅश लावून फोटो काढत होतं. फोटोत उतरणं दिसत नाही, म्हणून ट्रिक बसली असेल तरच फोटो छापायचा अशी या लोकांची रीत आहे. व्हिडिओतही झेप आणि उतरणं यांच्यामध्ये कट आला तर ती ट्रिक धरत नाहीत.

माझ्या सहकाऱ्यानं त्या ३ फ्रेम सॉफ्टवेअरकडून रचून घेतल्या. आधीच्या आणि नंतरच्या फ्रेमवरून मधलं अंदाजानं काढलेलं. सोबत आवाजही 'साफ' केला. चाकांची खरखर गेली आणि तो मुलगा बर्फावरून घसरल्यासारखा वाटायला लागला. या माणसाला प्रत्येक आवाज दोष वाटतो. आवाज मी परत घातला. फ्रेम मात्र खरोखर छान बसल्या होत्या, जोड मला स्वतःला सापडेना.

गृहस्थ आले तेव्हा ठोकळ्यांची आणि रचलेली अशा दोन्ही फाइली दाखवल्या आणि कुठली फ्रेम कुठून आली तेही सांगितलं. त्यांनी रचलेली फाइल निवडली.

"यातलं उतरणं टेपेवरचं नाहीये," मी म्हटलं.

"अहो, मी तिथंच होतो. तो उतरला."

यावर मला बोलता आलं नाही. ते खरंच सांगत होते आणि माझ्या कानांनाही ते ऐकू आलं होतं. फाइलच्या नावात 'रचलेल्या ३ फ्रेम' असं लिहून दिलं. नाव बदलायला दोन सेकंद लागतात.

पडण्याच्या १३ टेपांची ड्राइव्ह त्यांना नको होती, मी पिशवीत घातलीच. दोन दिवसांनी रात्री त्यांचा मेसेज आला: ४ नंबरच्या टेपेवर आम्ही सगळे पायऱ्यांवर बसून हसतोय, कशावर ते आठवत नाही, तुम्हाला ऐकू येतंय का? मी कानाला लावून तीनदा ऐकलं. बोलणं वाऱ्यात गेलंय.

कच्च्या फाइली महिन्यानं पुसायच्या असा आमचा नियम आहे. तारीख परवाची. त्या २२ फेऱ्या मी अजून हलवलेल्या नाहीत.