तिसरा हंगाम: शिंगांचा नाद सोडला आणि पहिलं हरीण मिळालं

मे महिन्याची नोंद उशिरा टाकतोय. न्यूझीलंडमध्ये, लेक समनर फॉरेस्ट पार्कात, होप नदीच्या खोऱ्यात तीन रात्री काढल्या. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकार बंद आहे आणि ती तशीच राहावी. इथला हिशेब निराळा आहे. या देशात वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही मूळ सस्तन प्राणी नाही. रेड डिअर हे युरोपातलं हरीण गोऱ्या वसाहतवाल्यांनी शिकारीसाठीच आणलं. १८६१ मध्ये नेल्सनजवळ सोडलेली हरणं टिकली, मग ठिकठिकाणी कळप वाढले. फिओर्डलंडमध्ये तर १९०५ साली अमेरिकेहून थेट वापिटी (तिथली मोठी हरणं) आणून सोडले. खाणारा वाघ नाही, लांडगा नाही. हरणांनी बीच नावाच्या झाडांच्या जंगलातली रोपं खाल्ली, तेव्हा सरकारनेच १९३० पासून पगारी शिकारी डोंगरात पाठवले.

इथल्या आमच्या गल्लीतले एक आजोबा साठच्या दशकात तेच काम करत. महिनोन् महिने झोपडीत मुक्काम, पीठ-साखर पाठीवर, थ्री-नॉट-थ्री बंदूक, आणि मारलेल्या हरणाचा पुरावा म्हणून शेपट्या. पुढे हेलिकॉप्टर आलं, मांस परदेशी जाऊ लागलं आणि पायी शिकाऱ्यांचा तो जमाना मावळला. मी त्यांना माझ्या दोन हंगामांची रडकथा सांगितली. दोन्ही वर्षं मार्च-एप्रिलच्या रोरमध्ये, म्हणजे नर डरकाळ्या फोडतात तेव्हा, मी मोठ्या शिंगांच्या मागे धावलो आणि रिकाम्या हाताने आलो. त्यांनी आधी एवढंच विचारलं, ‘‘माद्या किती दिसल्या?’’ मी त्या मोजल्याच नव्हत्या. मग ते म्हणाले, कळप माद्यांमुळे वाढतो. एक नर कमी झाला तर दुसरा त्याची जागा घेतो. हे ऐकल्यावर माझा सगळा बेतच बदलला.

यंदा रोर संपू दिला. दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडे तोंड केलेल्या उतारावर पडतं, म्हणून थंडीच्या सकाळी हरणं तिथेच येतात. पहिल्या सकाळी मी समोरच्या सोंडेवर बसून आधी दुर्बिणीने पाहत राहिलो. चार माद्या दिसल्या, पण मी खालून चढायला गेलो आणि उन्हं वर आल्याबरोबर वाराही वर सरकला. माझा वास त्यांना लागला. एक भुंकली (रेड डिअरची मादी खरोखरच कुत्र्यासारखी भुंकते) आणि क्षणात उतार रिकामा.

दुसऱ्या दिवशी अंधारातच निघून कडेने वर चढलो. ऊन पडेपर्यंत मी त्यांच्या वरच्या अंगाला होतो आणि वारा माझ्या तोंडावर. एका मादीबरोबर पाडस होतं, तिच्याकडे बंदूक वळवलीच नाही. थोडी बाजूला दीडेक वर्षाची मादी एकटी चरत होती. अंतर साधारण १८० मीटर. झुडपाआड नुसता तपकिरी रंग हलताना दिसला की गोळी झाडायची नाही, हा इथला पहिला धडा, कारण त्या रंगाच्या जागी माणूसही असू शकतो. ती पूर्ण उघड्यावर येईपर्यंत वीसेक मिनिटं पालथा पडून होतो. बोटं बधिर झाली होती. एकच गोळी, खांद्यामागे. ती जागेवर बसली.

जवळ गेल्यावर हात जोडले. मला ते करावंसं वाटलं.

सोलणं, तुकडे करणं यात तीन तास गेले. मागच्या तंगड्या, पाठीचं मांस, काळीज पाठपिशवीत. ओझं पंचवीस किलोच्या आसपास, आणि नदी दोनदा ओलांडायची होती. घरी पोचल्यावर मांस चार दिवस फ्रीजमध्ये मुरवलं, मग कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मंद आचेवर शिजवलं. चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे घाई केली की चिवट होतं. पहिलं ताट आजोबांकडे गेलं. तिखट लागलं, पण त्यांनी संपवलं.

पुढच्या महिन्यात ओढ्याच्या वरच्या अंगाला, बर्फाच्या रेषेपर्यंत जायचं आहे. वहीत आता माद्यांचा वेगळा रकाना आखलाय. आत्तापर्यंत अकरा.