तुम्ही विचारलेत म्हणून: वाजवता येत नसताना गिटार कशी पारखायची?

"गिटार घ्यायची आहे, पण वाजवता येत नाही, मग दुकानात जाऊन मी तपासणार काय? त्यापेक्षा ऑनलाइन मागवली तर काय बिघडले?" हा प्रश्न मला कार्यालयातले सहकारी, सोसायटीतले शेजारी आणि दहावीची परीक्षा आटोपली की मुलांचे आईवडील, असे सगळेच विचारतात. विचारणाऱ्याची ऐपत बहुधा दहा-बारा हजारांच्या आतबाहेरची असते, मॉडेलचे नाव त्याने व्हिडिओ पाहून आधीच पक्के केलेले असते आणि माझ्याकडून त्याला फक्त दुजोरा हवा असतो. तो मी सहसा देत नाही. मॉडेल घरी बसून ठरवायला माझी हरकत नाही, पण नग मात्र दुकानात जाऊन, चार नग हाताळूनच निवडावा असे माझे स्पष्ट मत आहे. आणि त्यासाठी वाजवता येण्याची गरज नसते, डाव्या हाताचे एक बोट आणि तासाभराची सवड पुरते.

एकाच मॉडेलच्या, एकाच किमतीच्या दोन गिटार भिंतीवर शेजारी-शेजारी टांगलेल्या असल्या, तरी त्या सारख्या नसतात. स्टीलच्या सहा तारा सुरात लावल्या की त्यांचा एकत्रित ताण 70 किलोंच्या पुढे जातो आणि तो ताण नेक (गिटारचा लांब दांडा) व ब्रिज (पोटावर तारा अडकवतात ती पट्टी) यांच्यावर महिनोन्महिने असतो. त्यात लाकूड हवेतला ओलावा घेत आणि सोडत राहते. गिटारला साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते, तर मुंबईत पावसाळ्यात ती 80 टक्क्यांच्या वर सहज जाते. मग पावसात घराचे दार फुगते तशी गिटारची वरची पाटी फुगते, ब्रिज वर उचलला जातो आणि तारा फ्रेटबोर्डपासून, म्हणजे नेकवरच्या ज्या पाटीवर त्या दाबतात तिच्यापासून, लांब जातात. कुठला नग गोदामात किती काळ होता आणि कुठला वातानुकूलित दालनात, हे खोक्यावर लिहिलेले नसते. ऑनलाइन मागवलेला नग परत करता येतो हे खरे, पण बदली येतो तोही एकटाच, आणि तुलना करायला शेजारी दुसरा नसेल तर नवख्याला काय चांगले आणि काय वाईट हे कळणार तरी कसे?

मी लोकांना बहुतेक वेळा मुंबईतल्या धोबी तलावाकडे पाठवतो. मरीन लाइन्सला उतरून चालत पाच-सात मिनिटांत तिथे पोहोचता येते, आणि 1865 पासून चालत आलेले फुर्टाडोज हे वाद्यांचे दुकान त्याच परिसरात आहे. जेर महाल या इमारतीतल्या गोवेकरांच्या कुडांमुळे, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक खोल्यांमुळे, त्या भागाशी पाश्चात्त्य वाद्ये वाजवणाऱ्यांचे नाते जुने आहे, त्यामुळे तिथे कोणी गिटार नुसती हातात घेऊन बसले तर त्याचे कुणाला नवल वाटत नाही. अर्थात धोबी तलावच हवा असे नाही. वांद्रे, दादर, ठाणे, बोरिवली, कुठलेही दुकान चालेल, अट एवढीच की दुकानदाराने त्याच मॉडेलचे दोन-तीन नग निवांतपणे हाताळू दिले पाहिजेत. शनिवारची संध्याकाळ टाळावी. डाव्या हाताची नखे कापून जावे, आणि पट्ट्याचे मोठे बक्कल गिटारच्या पाठीवर घासणार नाही असा पेहराव करावा. दुकानदार तोंडाने काही बोलत नाही, पण त्याचे लक्ष तिकडेच असते.

पहिले काम म्हणजे सगळ्या नगांच्या तारा सुरात लावून घेणे. भिंतीवरची गिटार क्वचितच सुरात असते, आणि दोन बेसूर गिटारची तुलना करण्याला काहीच अर्थ नाही. विक्रेत्याला तसे सांगावे. तो दोन मिनिटांत लावून देतो. तो लगेच काहीतरी वेगवान वाजवूनही दाखवील, पण त्याला भुलू नये. चांगला वाजवणारा माणूस वाईट गिटारही गोड वाजवतो आणि आपण कौतुक गिटारचे करतो.

त्यानंतर आवाजाकडे पूर्ण दुर्लक्ष करून नटकडे वळावे. नेकच्या वरच्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे, प्लास्टिकची किंवा हाडाची एक आडवी पट्टी असते आणि तिच्या खाचांतून तारा जातात, तो नट. स्वस्त गिटारमधला सर्वांत मोठा दोष मला इथेच आढळतो. कारखान्यात या खाचा पुरेशा खोल कापलेल्या नसतात, कारण खाच जास्त खोल गेली तर तार खडखडते आणि नट बदलावा लागतो, कमी राहिली तर तक्रार करण्याइतके नवख्याला कळतच नाही. तपासायची रीत सोपी आहे. नेकवर धातूच्या आडव्या पट्ट्या ओळीने बसवलेल्या असतात, ते फ्रेट; ते नटकडून मोजतात. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरावी आणि पहिल्या फ्रेटवर ती किती उंच राहते ते डोळे जवळ नेऊन पाहावे. केसभर फट असावी, वरून बोटाने टिचकी मारली तर तार किंचित हलून फ्रेटला लागावी. फट ठसठशीत दिसली, तर पहिल्या फ्रेटवर तार दाबायला विनाकारण जोर लागणार आणि दाबल्यावर सूरही चढा येणार. नवख्याच्या सुरुवातीच्या कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायचे सूर, पहिल्या तीन फ्रेटमध्येच असतात, म्हणजे दोष नेमका त्याच्या बोटांखाली येतो.

भाचीला घेऊन गेलो होतो तेव्हा तिला मी हे काही समजावले नाही. एकाच मॉडेलचे दोन नग तिच्या मांडीवर आळीपाळीने दिले आणि पहिल्या फ्रेटवर एकेक तार दाबायला सांगितली. तिने दोन्हींवर सहा-सहा तारा दाबल्या, बोटाच्या टोकावर उमटलेला खळगा पाहिला आणि म्हणाली, "मामा, ही चावते. ती नाही चावत." विक्रेत्याने दोन्ही नगांच्या खाचा पाहिल्या आणि पहिला गुपचूप परत टांगला. क्लासमध्ये दोन महिन्यांनी मुले गळतात तेव्हा आपण त्यांच्या चिकाटीला दोष देतो. माझ्या मते त्यातली निम्मी तरी चावणाऱ्या गिटारमुळे गळत असावीत. खाचा नीट करून देणारे कारागीर मुंबईत आहेत आणि ते काम फार मोठेही नाही, पण नवी वस्तू घेताना आधीच बरा असलेला नग मिळत असेल तर तो का सोडावा?

नटनंतर ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारेची उंची. ही बाराव्या फ्रेटवर मोजतात आणि त्यासाठी खास पट्टी मिळते, पण खिशातली बँकेची कार्डे तितकीच उपयोगी पडतात. एटीएम कार्डाची जाडी 0.76 मिलिमीटर असते, म्हणजे तीन कार्डे एकावर एक ठेवली की 2.28 मिलिमीटर होतात. बाराव्या फ्रेटवर सर्वांत जाड तारेखाली ही तीन कार्डे जेमतेम सरकली, तर उंची चांगली आहे. चार कार्डे आरामात गेली, तर तो नग भिंतीवर परत जाऊ द्यावा. सर्वांत बारीक तारेखाली दोन कार्डे सहज गेली पाहिजेत, तीन मात्र सैल जाऊ नयेत. ज्या कार्डावर आकडे उठावाचे आहेत ते यासाठी वापरू नये. विक्रेता हसला तर हसू द्यावे.

आता कंटाळवाणा भाग, आणि तो टाळू नये. प्रत्येक तार पहिल्या फ्रेटपासून बाराव्यापर्यंत एकेक फ्रेटवर दाबून एकदा छेडावी. बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीला लागून, तिच्या किंचित मागे ठेवावे. बहात्तर सूर होतात आणि त्यांतला एखादा खरखरला किंवा मुका वाटला, तर तिथली पट्टी वर-खाली झालेली असते. तंबोऱ्यात जी जवारी आपण मुद्दाम काढून घेतो, तिच्या जातीची खरखर इथे दोष ठरते. मग नेकच्या कडेवरून तळहात वरून खाली फिरवावा. फ्रेटची टोके टोचली, तर पुढे ती रोज टोचणार आहेत.

सूर तपासायलाही कान तयार असण्याची गरज नाही, फोनवरचे ट्यूनर ॲप पुरते. मोकळी तार छेडली की जो सूर येतो, तोच बाराव्या फ्रेटवर एका सप्तकाने वर यायला हवा. मोकळी तार ॲपवर बरोबर मध्यावर आणून मग बारावा फ्रेट दाबावा; काटा तिथेही मध्याच्या आसपास थांबला तर ठीक, स्पष्टपणे चढा किंवा उतरता दिसला तर नको. ज्यांचा कान शास्त्रीय गाण्यावर तयार झाला आहे त्यांना मात्र आधीच सांगून ठेवतो, की गिटारवरचा गंधार त्यांना जरा चढाच वाटेल. गिटारचे फ्रेट सप्तकाचे बारा समान भाग पाडून बसवलेले असतात, त्यामुळे तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट, म्हणजे शेजारच्या दोन फ्रेटच्या सुरांमधल्या अंतराच्या साधारण सातव्या हिश्श्याने, वर असतो. पेटीचेही तेच आहे. तो त्या नगाचा दोष नव्हे आणि नग बदलून तो जाणारही नाही.

आकाराबद्दल थोडक्यात. दुकानात बहुतेक गिटार ड्रेडनॉट आकाराच्या असतात. 1906 च्या ब्रिटिश युद्धनौकेवरून हे नाव आले आणि आकारही नावाला साजेसा आहे. हात नसलेल्या खुर्चीवर बसून ती मांडीवर घ्यावी. उजवा खांदा वर उचलावा लागत असेल, तर लहान अंगाची कॉन्सर्ट आकाराची गिटार मागावी. लोकलने क्लासला जाणाऱ्याने तर ती मागावीच. बोटे दुखू नयेत म्हणून काही पालक नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार पाहतात. कल्पना वाईट नाही, फक्त तिचा नेक रुंद, नटपाशी 52 मिलिमीटरच्या आसपास असतो आणि लहान बोटे त्याला पुरी पडत नाहीत. पुढे आवाज मोठा हवा म्हणून तिच्यावर स्टीलच्या तारा चढवण्याचा उद्योग कुणी करू नये. तो ताण सोसेल अशी तिची बांधणीच नसते.

हे सगळे झाल्यावर आवाज. उरलेल्या दोन-तीन नगांवर विक्रेत्याकडून एकच साधी कॉर्ड सावकाश वाजवून घ्यावी आणि आपण समोर, चार-पाच फुटांवर, पाठ करून उभे राहावे. गिटारचा आवाज पुढे जातो, मांडीवर घेणाऱ्याला तो पुरता कळत नाही; आणि पाठ केली की किंमत व रंग दोन्ही दिसत नाहीत. तारा गंजलेल्या असतील, तर आवाज मंद येणारच, त्यावरून गिटार नाकारू नये.

याच टप्प्यावर 'सॉलिड टॉप' हा विषय निघतो. वरची पाटी स्प्रूसच्या अखंड लाकडाची असेल तर आवाज अधिक खुलतो, हे खरे. मधल्या गोल छिद्राच्या कडेवर प्रकाश पाडून पाहिले, की लाकडाच्या रेषा जाडीतही सलग उतरलेल्या दिसतात. थर दिसले तर ती लॅमिनेटेड. परंतु अखंड पाटी दमट हवेला लवकर दाद देते, आणि ज्या घरात जुलैमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे पहिल्या गिटारसाठी लॅमिनेटेड पाटी मला अधिक शहाणपणाची वाटते. बाजूंना आणि पाठीला रोझवूड आहे म्हणून जास्त पैसे मागितले, तर खरे लाकूड आहे की वरचा पातळ थर, एवढे विचारावे. ते रोझवूड बहुधा आपलाच शिसव असतो. ब्राझीलचे दुर्मीळ झाल्यावर जगभरचे गिटार बनवणारे त्याच्याकडे वळले.

नग ठरला, की विक्रेता हमखास म्हणतो, "हा डिस्प्लेचा आहे, तुम्हाला आतून सीलबंद देतो." त्याचा हेतू चांगलाच असतो, पण मग आपण तासभर तपासले ते कशाला? आपण निवडलेलाच नग मागावा, त्यावर नव्या तारांचा संच चढवून घ्यावा आणि जाड अस्तराची पिशवी दरात बसवून मागावी. सीलबंदाचाच आग्रह झाला, तर खोके तिथेच उघडायला लावून पुन्हा नटपासून सुरुवात करावी.