आडवे गेलेले ठिपके

लातूरच्या आमच्या कॉलेजात भूशास्त्राच्या प्रॅक्टिकलला मी मुलांना भूकंपांची खोली आलेखावर मांडायला देते. त्या दिवशी दक्षिण अमेरिकेचे दोन छेद, म्हणजे जमिनीचे पूर्व-पश्चिम उभे काप, दिले होते. एका गटाला उत्तर चिलीतला, २१ अंश दक्षिण अक्षांशाचा. दुसऱ्याला ३१ अंशांचा.

पहिल्या गटाचे ठिपके दक्षिण अमेरिकेखाली बुडणाऱ्या नाझ्का या सागरी प्लेटबरोबर तिरपे उतरत गेले. दुसऱ्या गटात कुजबुज सुरू झाली. त्यांचे ठिपके साधारण शंभर किलोमीटरपर्यंत उतरले आणि तिथून पूर्वेकडे आडवेच निघाले, तीनेकशे किलोमीटर. पोरांनी खोडरबर हातात घेतलं होतं. म्हटलं, "खोडू नका रे, बरोबर आहे."

किल्लारीजवळच्या पुनर्वसित गावातून येणारी एक मुलगी नकाशावर बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, इथं ज्वालामुखीपण नाहीत." न सांगता तिला हे दिसलं! साधारण २८ ते ३३ अंशांदरम्यान जिवंत ज्वालामुखी नाहीतच. ६,९६१ मीटर उंचीचं अकोंकाग्वा शिखर याच पट्ट्यात आहे, पण तोही ज्वालामुखी नव्हे. एरवी बुडणाऱ्या प्लेटमधलं पाणी वरच्या तप्त प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या खडकाच्या थरात, शिरतं आणि शिलारस तयार होतो. प्लेट आडवी झाली की त्या प्रावरणाला मध्ये जागाच राहत नाही.

आडवी का होते, हे सांगायला मी कपाटातला काळा दगड काढला, विहिरीच्या खोदकामातला. आधी हवेत, मग पाण्यात बुडवून ताणकाट्यावर तोलला. घनता २.९ च्या आसपास भरली. सागरी कवचही असंच बसाल्टचं. खाली दाब वाढला की त्याचं एक्लोगाइट हा जड खडक होतो, घनता ३.५ च्या घरात जाते आणि तेच वजन प्लेटला ३.३ घनतेच्या प्रावरणात ओढतं. पण प्लेटवर समुद्री डोंगररांग असेल, तर कवच जाड असतं, हे रूपांतर लांबतं आणि प्लेट बुडेनाशी होते. पेरूखाली नाझ्का रांग शिरते आहे, ३३ अंशांजवळ हुआन फर्नांडेझ रांग.

नुसत्या रांगेवर सगळा भार टाकणं मात्र मला पटत नाही. रांगा इतरत्रही बुडतात, तिथं प्लेट सपाट होत नाही. दक्षिण अमेरिका स्वतः पश्चिमेकडे सरकत, प्लेट जिथं बुडते त्या समुद्रतळाच्या खंदकावर चढते आहे, तिचं जाड बूड प्लेटला वरच धरून ठेवतं. हे सगळं जुळून यावं लागतं.

आडव्या प्लेटचा रेटा खंडाच्या पार आतवर पोचतो. जुने भ्रंश, म्हणजे खडकांतल्या भेगा, सरकतात, किनाऱ्यापासून दूर डोंगर उठतात. अर्जेंटिनातलं सान हुआन शहर १९४४ साली अशाच एका उथळ भूकंपात कोसळलं, हजारो माणसं गेली.

वर्ग गप्प झाला. ती मुलगी म्हणाली, "मॅडम, आमची आजी म्हणते, गावाखाली ज्वालामुखी आहे. मग तिथंपण अशी प्लेट आहे का?"

तिला स्पष्ट सांगितलं, नाही. किल्लारीखाली ना ज्वालामुखी, ना बुडालेली प्लेट. भारतीय प्लेट उत्तरेला हिमालयाशी भिडलेली आहे; तो ताण इथल्या जुन्या खडकात साठला आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सुटला. "आजीला सांग, आणि आलेखही दाखव."

पुढच्या प्रॅक्टिकलला किल्लारीचे धक्के मांडायचं मुलांनीच ठरवलं. ते जेमतेम काही किलोमीटर खोलीचे, त्यामुळे उभ्या अक्षाचं प्रमाण बदलून घ्यावं लागणार आहे.