शेवट माहीत असलेली पुस्तके

शालेय वयातील आवडत्या पुस्तकांविषयी स्मरणिकेत लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा मी प्रथम एक यादी करू लागले. यादी जसजशी लांबत गेली तसतसा तिचा उपयोग कमी होत गेला. कारण वाचलेली पुस्तके पुष्कळ असली तरी आवडलेली त्या मानाने फारच थोडी होती. त्या दोहोंतील फरक ओळखण्याची माझी खूण साधी आहे. शेवट माहीत असूनही जे पुस्तक मी पुन्हा घरी नेले, ते आवडते. आपल्या ग्रंथालयातील प्रत्येक पुस्तकाच्या अखेरीस तारखांच्या शिक्क्यांचा कागद चिकटवलेला असे आणि नोंद करताना बाई मान वर करून विचारीत, "अगं, हे तू मागेच नेलं होतंस ना?" काय सांगावे ते तेव्हा सुचत नसे.

भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेपासून सुरुवात करते. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आलेला बनेश फेणे अंगाने किरकोळ, सायकलवर मात्र भरधाव, आणि काही आश्चर्याचे दिसले की त्याच्या तोंडून 'टॉक' निघणार हे ठरलेले. दुसऱ्या वाचनात गुन्हेगार कोण हे ठाऊक असतेच. पण मग वाचकाचे लक्ष 'पुढे काय' यावरून हटून 'हा पोरगा हे कसे करतो' याकडे वळते. तो बलवान नाही, फार हुशार म्हणूनही मिरवत नाही. तो फक्त इतरांच्या आधी पाहतो आणि मोठ्यांची परवानगी येण्यापूर्वीच निघालेला असतो. आम्हां मुलांना हे पटे, कारण मोठी माणसे उशिरा पोहोचतात हा आमचाही अनुभव होता. मुलांसाठी लिहिणारे कित्येक लेखक प्रकरण संपताना हातावर बोध ठेवल्याशिवाय वाचकाला सोडत नाहीत. भागवतांना गोष्ट सांगण्याची घाई होती, शिकवण्याची नव्हती.

याच भागवतांनी फ्रेंच लेखक जूल व्हर्नच्या अनेक अद्भुत कथा मराठीत आणल्या आणि माझ्या मते मराठी मुलांवरचे त्यांचे हे ऋण फेणेइतकेच मोठे आहे. ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची पैज मारणाऱ्या फिलिअस फॉगची गोष्ट मी किती वेळा वाचली असेन, सांगता येत नाही. आगगाडी, जहाज, हत्ती, सगळे करून फॉग लंडनला परततो तेव्हा पैज अवघ्या पाच मिनिटांनी हरल्याची त्याची खात्री असते. पुढे त्याचा नोकर धावत येतो, आणि उद्या सोमवार नसून रविवार आहे, म्हणजे हातात अजून मुदत आहे, हे उघड होते. पहिल्या वाचनात ही मला लेखकाने ऐन वेळी केलेली हातचलाखी वाटली. दुसऱ्या वाचनानंतर भूगोलाच्या तासाला पृथ्वीचा गोल समोर आला आणि मी हिशेब करून पाहिला. पूर्वेकडे जाणाऱ्याला दर अंशामागे सूर्य चार मिनिटे आधी गाठतो. ३६० अंशांची मिळून १,४४० मिनिटे, म्हणजे बरोबर २४ तास होतात. फॉगने मध्यान्हीचा सूर्य ऐंशी वेळा पाहिला, तेव्हा लंडनमधील त्याच्या मित्रांनी तो एकोणऐंशी वेळाच पाहिला होता. त्यानंतर हे पुस्तक वाचताना मजा निराळीच झाली; कारण प्रत्येक मुक्कामावर दिवसांची नोंद करताना फॉगला जे उमगत नव्हते, ते मला ठाऊक होते. नायकापेक्षा वाचक अधिक जाणतो, ही चैन फक्त पुन्हा वाचणाऱ्यालाच मिळते.

मासिकांपैकी बालभारतीच्या 'किशोर'ची, म्हणजे १९७१ साली सुरू झालेल्या त्या अंकांची, मी वाट पाहत असेच. पण जुने अंक शोधून काढायचे ते 'चांदोबा'चे, आणि तेही विक्रम-वेताळासाठी. शंकर यांच्या चित्रात राजा उपसलेली तलवार हाती धरून आणि खांद्यावर प्रेत टाकून चाललेला असे. उत्तर ठाऊक असूनही गप्प राहिलास तर डोक्याची शकले होतील, असा दम वेताळ भरणार. राजा उत्तर देणार. आणि मौन मोडल्यामुळे वेताळ पुन्हा झाडावर जाणार. मूळ संस्कृत कथा पंचवीसच आहेत, मासिकातला वेताळ मात्र त्या संपल्यावरही नव्या गोष्टी सांगतच राहिला, आणि आम्हांला त्यात काहीही खटकले नाही. राजाचा निवाडा मला पटलेला नसे तेव्हाच ती गोष्ट मी पुन्हा वाचत असे. छापील उत्तराशी भांडण्याची मुभा असलेला मजकूर आमच्या दप्तरात दुसरा नव्हता.

साने गुरुजींच्या 'श्यामची आई'विषयी लिहिताना मला थोडे जपून लिहावे लागते, कारण या पुस्तकाचे कौतुक इतक्यांनी, इतक्या गहिवरून केलेले आहे की त्याच्या रचनेकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. गुरुजींनी ते १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतले. त्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत, एकूण ४२. मोठा झालेला श्याम आश्रमातील मित्रांना आईच्या आठवणी सांगतो आणि ऐकणारी ती माणसेही पुस्तकातच बसलेली आहेत; गोष्टीच्या आगेमागे त्यांची बोलणीही कानी पडतात. त्यामुळे वाचणाऱ्या मुलाला त्या मंडळीत आयतीच जागा मिळते. उपदेश येतो, नाही असे नाही. पण तो आपल्याला कोणी थेट करीत नाही, एका आईने तिच्या मुलाला केलेला आपण फक्त ऐकतो. न उमललेल्या कळ्या तोडल्याबद्दल आई श्यामला बोलते, ती 'मुकी फुले' ही रात्र मला फार आवडे, आणि मुले रडतात म्हणून ज्या रात्री मोठी माणसे मुद्दाम वाचून दाखवीत, त्या मी पुढे उलटून टाकीत असे.

येथे एक गोष्ट नोंदवायलाच हवी. वर आलेले सगळे नायक मुलगे आहेत. ना. धों. ताम्हनकरांनी पोरका 'गोट्या' लिहिला तशी 'चिंगी'ही लिहिली, म्हणून त्यांच्याविषयी मला विशेष ममत्व आहे. गोट्या मला आवडे, चिंगी मला माझी वाटे. पण आपल्या कपाटात गोट्याच्या शेजारी फेणे होता, फॉग होता, विक्रम होता आणि चिंगीच्या शेजारी फारसे कोणी नव्हते. आमच्या वर्गातील मुलींनी मुलांच्या साहसकथा मनापासून वाचल्या. मुलांपैकी कोणी चिंगी नेल्याचे मला तरी आठवत नाही.

यातील बहुतेक पुस्तके मी आजही अधूनमधून काढते. फेणेची गती आता थोडी जास्त वाटते, फॉगच्या हिशेबाला कोठेही धक्का लागलेला नाही. बदलले आहे ते 'श्यामची आई'. शाळेत असताना 'कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक' आणि 'अब्रूचे धिंडवडे' या रात्री मला कंटाळवाण्या वाटत. त्यांत खोड्या नव्हत्या, फुले नव्हती, होते ते देणे आणि वसुली. आता मी पुस्तक उघडते ते याच रात्रींपाशी, आणि आईइतकीच श्यामच्या वडिलांचीही वाक्ये लक्ष देऊन वाचते.