नडगीचे दुखणे

लांब पल्ल्याच्या धावपटूंची नडगी दुखणे नाशिकच्या मैदानांवर इतके सर्रास आहे, की त्याकडे आजार म्हणून कोणी पाहतच नाही. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचे कांस्यपदक मिळवणाऱ्या कविता राऊत यांचा आदर्श समोर ठेवून आदिवासी तालुक्यांतून शहरात सरावाला येणाऱ्या मुलींपैकीच माझ्याकडे तपासायला आलेली ती एक, वय सोळा. प्रशिक्षकांच्या चिठ्ठीत ‘शिन स्प्लिंट आहे, निवड चाचणीपर्यंत सांभाळून घ्यावे’ एवढेच लिहिले होते.

शिन स्प्लिंट म्हणजे धावण्याच्या ताणाने नडगीला येणारे दुखणे; ते नडगीच्या आतल्या कडेने चार-सहा बोटे पसरलेले असते आणि अंग तापले की सुरुवातीला बऱ्याचदा ओसरते. हाडाला ताणाने तडा गेला असेल, तर दुखणे बोटाच्या पेराएवढ्या जागेत गोळा होते आणि धावताना वाढतच जाते. घोट्यापासून वर अंगठा दाबत नेताना नडगीच्या खालच्या भागात एका ठिकाणी तिने पाय झटकन ओढून घेतला, आणि रात्रीही ठणकते का, असे विचारल्यावर तिने मान डोलावली. सोबतच्या एक्स-रेत काहीच नव्हते व त्याचाच सर्वांना दिलासा वाटत होता. परंतु असा तडा पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुधा दिसत नाही. तिचा तडा एमआरआयमध्ये दिसला.

तडा सापडला म्हणजे कारण सापडले असे नव्हे, म्हणून मी तिला आदल्या दिवशीचे खाणे क्रमाने सांगायला लावले. पहाटे कोरा चहा पिऊन सराव, त्यानंतर तासाभराने थोडे पोहे, दुपारी एक पोळी आणि भाजी, संध्याकाळी पुन्हा धावणे, रात्री तूप न घालता वरणभात. वजन उतरले की वेळही उतरते, असे तिला मैदानावर सांगितले गेले होते. मग मी पाळीबद्दल विचारले. ती आईकडे पाहू लागली. आई म्हणाली, ‘‘मॅडम, दिवाळीपासून नाही आली. धावणाऱ्या मुलींचं असं होतंच, म्हणतात सगळे. एका डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, तेव्हा तेवढी आली.’’

हे ‘होतंच’ मला सहन होत नाही. खर्चाच्या मानाने खाणे कमी पडू लागले, की शरीर आधी प्रजननाचे काम थांबवते. इस्ट्रोजेन घटते आणि हाडांची झीज भरून निघेनाशी होते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’ (खेळाडूंमधील ऊर्जेची तूट) असे नाव दिले. मुलींच्या हाडांचा सुमारे नव्वद टक्के साठा अठराव्या वर्षापर्यंत तयार होतो, त्यामुळे या वयातली तूट पुढे भरून काढणे फार कठीण असते. गोळ्यांनी आलेला रक्तस्राव हा त्या गोळ्यांतील हार्मोनचा परिणाम असतो. त्याने हाड सुधारत नाही, मात्र घरच्यांचा समज होतो की सारे ठीक झाले. प्रशिक्षकांच्या वहीत तिच्या प्रत्येक फेरीची वेळ आणि दर आठवड्याचे वजन आहे. पाळीचा रकाना नाही. तो असता, तर हाडाला तडा जाण्याच्या कितीतरी आधी कोणीतरी थांबले असते.

धावणे पूर्ण बंद केले, आणि खाणे सुधारेपर्यंत सायकलही नको असे सांगितले. पहाटे केळे किंवा शेंगदाण्याचा लाडू, सराव पुन्हा सुरू होईल तेव्हा तो संपताच दूध आणि अंडी, दोन्ही जेवणांत उसळ किंवा डाळ, भातावर तूप. आईने विचारले, ‘‘नाचणीची भाकरी चालेल का?’’ शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, आणि ती यांच्या स्वतःच्या शेतात पिकते. शहरात आल्यावर मात्र भाकरी सुटली आणि उसनवारीच्या पैशांतून प्रोटीन पावडरचा डबा आला. तो डबा विकणाऱ्यांवर माझा राग आहे.

निवड चाचणी हुकली. पट्टी बांधून किंवा इंजेक्शन देऊन एवढी एक शर्यत पळवता येईल का, असे प्रशिक्षकांनी फोनवर विचारले होते आणि मी नकार दिला. आता चालताना तिला दुखत नाही, वजनही थोडे वाढले आहे. पाळी अजून आलेली नाही. केवळ दुखणे थांबले म्हणून तिला धावू द्यायला मी तयार नाही, आणि प्रशिक्षकांना हा माझा हट्ट वाटतो. त्यांच्याकडे आणखी काही मुली धावतात. त्या सर्वांसाठी वहीत तो एक रकाना वाढवावा, असे मी त्यांना लेखी कळवले आहे. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही.