पोहता येत नसलं तरी समुद्राखाली जाता येते: हॅवलॉकचा अनुभव आणि जाणाऱ्यांसाठी माहिती

अंदमानच्या हॅवलॉक बेटावरून आल्यापासून गावात जो भेटून राहिला तो हेच विचारून राहिला, की वहिनींना तर पोहता येत नाही, मग त्या समुद्राखाली गेल्या कशा. प्रत्येकाला चौकात उभं राहून सांगणं होत नाही म्हणून इथं सविस्तर लिहितो, आपल्याकडून कोणी जाणार असेल तर कामात येईल. पहिलेच सांगून टाकतो, गाइडसोबतच्या पहिल्या स्कुबाला, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन पाण्याखाली जायला, पोहण्यापेक्षा श्वास आणि कान सांभाळता आले पाहिजे, आणि घाई केली की दोन्ही बिघडतात.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले. तूर घरात आली, शेवटचा कापूस वेचून झाला अन् मग निघालो, मी, बायको, पोरगी आणि साळा. तिकडचा सीझन साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, मे पासून पाऊस आणि खवळलेला समुद्र, त्यामुळे आपल्या शेतीच्या हिशोबानं फेब्रुवारी बरोबर बसते. नागपूर-बल्लारशाह लाइनवरून चेन्नईच्या गाड्या जातात, चेन्नई सेंट्रलला उतरलं की तिथूनच मेट्रो थेट विमानतळावर नेते, टॅक्सीवाल्यांशी भाव करत बसायची गरज नाही. तिथून पोर्ट ब्लेअर सव्वादोन-अडीच तास. जहाजही आहे चेन्नईहून पण त्याला तीनेक दिवस लागतात. पोर्ट ब्लेअरचं नाव 2024 मध्ये श्री विजय पुरम झालं आणि हॅवलॉकचं 2018 मध्ये स्वराज द्वीप, बुकिंग करताना दोन्ही नावं दिसतील तर गोंधळू नका, जागा तीच. पुढं हॅवलॉकला फेरीबोट, दोन-अडीच तास. परतीचं फेरी तिकीट आधीच काढून ठेवा, तिथं गेल्यावर पाहू असं करू नका, सीझनमध्ये बोटी भरलेल्या असतात. आणि थोडी रोकड जवळ असू द्या, बेटावर एटीएम मोजकेच.

आणखी एक, तिकडं घड्याळ आपलंच पण बेट इतकं पूर्वेला की पहाटे पाचच्या सुमारास उजाडते आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला अंधार. त्यामुळे डायव्हिंगही सकाळी लवकरच असते.

आता मुख्य गोष्ट. हॅवलॉकला किनाऱ्यावरून चालत जाऊन करायची डाइव्ह असते आणि बोटीतून उडी मारून करायचीही असते. पहिली वेळ असेल तर किनाऱ्यावरूनचीच घ्या असं मी ठाम सांगीन. दोन नंबर बीचकडं निमो रीफ म्हणून जागा आहे, तिथं आधी छातीभर पाण्यात उभं राहून सराव करता येतो, पायाखाली वाळू असते, भीती वाटली तर उभं राहायचं, विषय संपला. बोटीवरून थेट खोल पाण्यात गेलं तर ही सोय नसते. फक्त त्या बाजूच्या किनाऱ्याला ओहोटीत पाणी लय दूर जाते, नुसते दगड आणि चिखल उघडा पडतो, म्हणून वेळ भरतीवर ठरते. तुम्हाला सहाला बोलावलं तर सहालाच पोचा, भरती तुमच्यासाठी थांबत नाही.

पैसे देण्याआधी डायव्हिंगच्या दुकानात चार गोष्टी विचारा. एका माणसामागे एक इन्स्ट्रक्टर आहे का. उथळ पाण्यातला सराव किती वेळ घेतात. प्रत्यक्ष खाली किती मिनिटं. फोटो-व्हिडिओ त्याच पैशात आहेत का वेगळे. आम्ही पहिले ज्या दुकानात गेलो तिथला माणूस म्हणे सराव-बिराव काही लागत नाही, पाच मिनिटात शिकवतो. तिथून सरळ बाहेर निघालो, भाव कमी होता तरी. नंतर जिथं केलं तिथं त्या पोरानं एकेकाला शांतपणे अर्धा तास दिला, आणि तो अर्धा तासच पुढं कामात आला.

तब्येतीचा फॉर्म भरायला देतात, तो खरा भरा. दमा, हृदयाचा त्रास, फिट येणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन, कानाचा जुना त्रास, पोटात बाळ, यातलं काही असलं तर लपवू नका. आपल्या भागात सिकलसेलचे (रक्ताचा आजार) लोक बरेच आहेत, त्यांनी तर घरून निघायच्या आधीच डॉक्टरला विचारून घ्या. सर्दी असेल तर त्या दिवशी पाण्यात जायचंच नाही, कापसाच्या धुळीनं ज्यांचं नाक नेहमी चोंदलेलं असते त्यांनी आठवडाभर आधीपासून काळजी घ्या. खर्रा खाऊन ज्याचं तोंड पूर्ण उघडत नाही त्याला रेग्युलेटरचं (सिलिंडरची हवा तोंडात देणारं यंत्र) रबर दातात धरायला जड जाते, तेही आधी सांगून टाका. आदल्या रात्री दारू नाही, सकाळी पोटभर पुरी-भाजी नाही, केळी-बिस्कीट पुरते. वय कमीत कमी 10 वर्षं.

पाठीवरच्या सिलिंडरात ऑक्सिजन नसते, साधी हवाच असते, दाबून भरलेली. साळ्याचा हाच गैरसमज होता आणि गावात अजून पुष्कळांचा आहे. छातीभर पाण्यात गुडघ्यावर बसवून पहिले तोंडानं श्वास घ्यायला लावतात, मग रेग्युलेटर तोंडातून काढून परत घालायला, मग मास्कमध्ये पाणी शिरलं तर वर पाहून नाकानं जोरात फुंकून काढायला. मिशी जाड असली की मास्कच्या कडेनं पाणी झिरपते, मिशीवर थोडं व्हॅसलिन लावलं की बरंच थांबते. खुणाही शिकवतात. यात अंगठा वर केला म्हणजे ‘छान’ नाही, ‘वर जाऊ’ असा अर्थ होतो. छान सांगायला अंगठा आणि बाजूचं बोट जोडून गोल करायचं. ही सवय बदलायला वेळ लागते म्हणून हॉटेलातच दोन-चारदा करून पाहा.

आणि सगळ्यात मोठा नियम, श्वास कधीच रोखून धरायचा नाही. खाली दाबाखालची हवा छातीत असते, तशीच धरून वर आलं तर ती फुगते आणि फुफ्फुसाला इजा होऊ शकते. आता गंमत पाहा, बायकोला पाण्याची काहीच सवय नव्हती, तिनं सांगितलं तसा हळू लांब श्वास चालू ठेवला आणि निवांत गेली. साळा लहानपणापासून विहिरीत उड्या मारणारा, नदी पार करणारा, त्याला पाण्यात गेलं की श्वास धरायची आणि हात मारायची सवय, त्याला शांत व्हायलाच वेळ लागला. म्हणून पोहणाऱ्यांनो, हात छातीशी घ्या, पाय हळू हलवा, इन्स्ट्रक्टर मागून तुमचं सिलिंडर धरून असतो, तो नेईल तिकडं जा.

कानाचं असं आहे की दहा मीटर खोलीवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट होते, आणि कानाला सगळ्यात जास्त फरक पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच जाणवते. नाक चिमटीत धरून हळूच हवा कानाकडं ढकलायची, दर मीटरला, दुखायच्या आधीच. दुखलं तर हातानं खूण करायची, थोडं वर यायचं, परत करायचं. जोर लावायचा नाही. पोरीचा एक कान मोकळा व्हायला वेळ लागला तर तो इन्स्ट्रक्टर तिच्यासोबत तिथंच थांबून राहिला, घाई केली नाही.

खाली सात-आठ मीटरवर काय पाह्यलं हे लिहायला शब्द कमी पडतात. समुद्रफुलांच्या (फुलासारखे दिसतात पण असतात प्राणीच) झुपक्यात क्लाउनफिश नावाचे मासे होते. त्या झुपक्याच्या दांड्या दुसऱ्या माशांना डंख मारतात पण याच्या अंगावरच्या चिकट थरामुळे याला काही होत नाही. त्यांच्यात सगळ्यात मोठी मादी असते आणि ती मेली तर तिचा नर स्वतः मादी होते, हे वर आल्यावर इन्स्ट्रक्टरनं सांगितलं. पॅरटफिश प्रवाळ कुरतडत होते आणि त्याचा आवाज कोणी शेजारी बसून फुटाणे खाल्ल्यासारखा साफ ऐकू येत होता. तो खातो आणि मागून वाळू सोडतो, अशा बेटांवरची पांढरी वाळू बरीचशी त्याचीच. लाल रंग पाण्यात सगळ्यात पहिले जाते, पोरीच्या हातातला लाल धागा खाली तपकिरी दिसत होता.

पण एक सांगतो, जागोजागी प्रवाळ पांढरं-करडं, मेलेलंही दिसलं. प्रवाळ म्हणजे दगड नाही, बारीक बारीक जीवांची वस्ती आहे, त्यांच्या अंगात राहणारं शेवाळ त्यांना रंग आणि अन्न देते. पाणी नेहमीपेक्षा एक-दोन डिग्रीनं काही आठवडे तापलं की ते शेवाळ निघून जाते आणि प्रवाळ पांढरं पडते, सावरलं नाही तर मरते. अंदमानात 2010 आणि 2016 मध्ये असं मोठ्या प्रमाणात झालं. आपण 45 च्या उन्हात वखरवाही करणारी माणसं, आणि इथं दोन डिग्रीत जीव जाते, हे ऐकून मन लय खराब झालं. म्हणून हात लावू नका, पायाचं फिन आपटू देऊ नका, फोटोसाठी प्रवाळावर उभं तर बिलकुल नाही. शंख-शिंपले, प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलू नका, प्रवाळाला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर बॅगा तपासतात.

डाइव्हनंतर त्याच दिवशी विमान नाही. कमीत कमी 18 तास सोडा, अंगात विरघळलेला नायट्रोजन निघायला वेळ लागते. म्हणून डाइव्ह मुक्कामाच्या सुरुवातीला ठेवा, शेवटच्या दिवशी नाही, म्हणजे सर्दी झाली किंवा समुद्र खराब असला तर पुढं ढकलायलाही जागा राहते. दिवसभर पाणी पीत राहा.

घरचे म्हातारे सोबत असतील तर त्यांना काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ पाहता येते, पोर्ट ब्लेअरजवळ नॉर्थ बेला ती सोय आहे. राधानगर बीच सगळ्यांसाठी, सूर्यास्ताला जा, पण जिथं मगरीची पाटी लावली असेल तिथं पाण्यात पाय घालू नका, खाऱ्या पाण्यातल्या मगरी त्या बेटांवर खरोखर आहेत. जेवणाची काळजी नको, बंगाली खानावळीत वरण-भात-भाजी मिळून जाते, ठेचा मात्र घरून न्या.