कास्त्रोखेरिसची लांबच लांब गल्ली

स्पेनमधली सांतियागो शहराची पायी यात्रा. बुर्गोस शहर सोडून दोन दिवस झाले होते की तीन, आता आठवत नाही. मेसेताच्या पठारावर सगळे दिवस गव्हाचेच. ओंतानास गाव कधी मागे पडलं कळलं नाही. सान अँतोनचा पडका मठ मात्र चुकवू म्हणता चुकत नाही, वाटच त्याच्या कमानीखालून जाते. बुरशी लागलेल्या राय धान्याच्या भाकरीने अंगाची आग होणारे रोगी इथले साधू सांभाळत. उशिरा येणाऱ्यांसाठी कोनाड्यात भाकरी ठेवलेली असे. कोनाडे अजून आहेत. रिकामे.

मग समोर टेकडी, वर किल्ल्याचे अवशेष, पायथ्याशी कास्त्रोखेरिस. दिसलं म्हणजे आलं, हा वारीतलाच जुना भ्रम. टाचेचा फोड तिथेच फुटला.

वेशीवरच सांता मारिया देल मान्सानोचं चर्च, सफरचंदाच्या झाडाची आई. बाहेरूनच हात जोडले. दर्शनालाही पाय लागतात.

गाव म्हणजे एकच गल्ली, दीड किलोमीटरच्या वर! ९७४ साली काउंट गार्सिया फेर्नांदेसने इथल्या घोडा बाळगणाऱ्या साध्या माणसांनाही सरदारांचे हक्क दिले, कारण सरहद्दीवर माणसं हवी होती. पुढे यात्रेकरू वाढले, तशी वाटेच्या कडेने घरं वाढत गेली. म्हणजे हे गाव आमच्यासारख्यांनीच लांबवलंय. माझा मुक्काम अर्थातच दुसऱ्या टोकाला. दुपारी तीनची वेळ, औषधाचं दुकान बंद, गल्लीत चिटपाखरू नाही.

एका दारात एक आजी लसूण निवडत बसल्या होत्या. माझं लंगडणं पाहून म्हणाल्या, "इखा!" म्हणजे पोरी. पुढचं काही कळेना. कळत नाही म्हटलं की त्या आणखी मोठ्याने बोलत. मला फक्त आडवं व्हायचं होतं, पण त्यांनी खुर्चीत बसवलंच. घमेल्यात कोमट पाणी, मीठ, व्हिनेगर. लसणाच्या वासाच्या हातांनी टाच मांडीवर घेतली, सुई आरपार घातली आणि दोरा आतच ठेवला, पाणी झिरपावं म्हणून. मी "आई गं!" ओरडले. त्या खो खो हसल्या. मला राग आला, आणि लगेच रडू.

पैसे घेईनात. छातीशी दोन्ही हात आवळून "सांतियागो, सांतियागो" म्हणाल्या. तिथे संताच्या मूर्तीला मागून मिठी मारतात. एक माझ्याही नावाची मार, एवढंच. आळंदीहून निघताना शेजारच्या काकू सांगायच्या तसंच.

सकाळी मोस्तेलारेसचा चढ, बारा टक्क्यांचा. माथ्यावरून मागे पाहिलं तर ती आख्खी गल्ली एका नजरेत मावली. तेवढ्यात दोरा मोज्यात अडकला, आणि तोंडातून जे निघालं ते अभंगात बसणारं नव्हतं.